दोन सीटच्या गाडीमागे दोन सायकली

"ह्या गाडीत तुला धड छत्री आडवी ठेवता येत नाही, आणि तू सायकली न्यायच्या गोष्टी करतेस?" हे दादाचं पहिलं वाक्य. दुसरं वाक्य होतं, "कधी करायचं?" त्याचा स्वभावच तसा आहे, आधी नावं ठेवणार आणि मग पान्यांची पेटी घेऊन हजर.

गाडी म्हणजे माझी माझदा एमएक्स-५, चौथ्या पिढीची, कापडी टपाची. ही गाडी पहिल्यांदा १९८९ मध्ये आली तेव्हापासून तिचं गणित तेच आहे, इंजिन पुढे, ताकद मागच्या चाकांना, दोन सीट आणि बाकी काही नाही. डिकी १३० लिटरची. म्हणजे दोघांच्या दोन दिवसांच्या कपड्यांच्या दोन मऊ बॅगा जातात, चाकांची कडक बॅग असेल तर ती घरीच राहते. मला हे सगळं घेताना माहीत होतं, त्यामुळे तक्रार नाही. पण सायकलही मी आधीपासून चालवते, आणि रविवारी पहाटे सायकल चालवायच्या जागेपर्यंत गाडीने जायचं तर सायकल कुठेतरी ठेवायला हवीच ना.

पहिलं वर्षभर मी काय केलं सांगते, हसू नका. टप उघडायचं, सायकलची दोन्ही चाकं काढायची, शेजारच्या सीटवर जुनी चादर टाकायची, फ्रेम त्यात उलटी बसवायची, सीट बेल्ट लावायचा (नाहीतर गाडी बोंबलत राहते) आणि चाकं पायापाशी उभी करायची. चालतं हे, खरंच चालतं. सिग्नलला लोक बघतात एवढंच. फक्त पाऊस आला की टप लावता येत नाही, चेनचं काळं सीट बेल्टला लागतं ते आजतागायत गेलेलं नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेजारी माणूस बसू शकत नाही. नवऱ्याने सायकल घेतली तेव्हा हा शेवटचा मुद्दा जरा गंभीर झाला. तो म्हणाला मी मागून बसने येतो, पण ते त्याने ज्या आवाजात म्हटलं त्यावरून मला कळलं की आता काहीतरी करायला हवं.

मग शोधाशोध सुरू झाली. छतावरचा रॅक तर बादच, कारण छतच कापडाचं. डिकीवर पट्ट्यांनी बांधायचा रॅक मिळतो, स्वस्तात मिळतो आणि पाच मिनिटांत बसतो, पण ह्या गाडीच्या डिकीचं झाकण ॲल्युमिनियमचं आणि पातळ आहे, रॅकचे पाय त्यावर दाबून बसतात आणि पट्ट्यांचे हुक झाकणाच्या कडांना अडकवायचे असतात. दोन सायकलींचा भार, वर रस्त्याचे धक्के, आणि त्या पायांखाली धुळीचे कण गेले की पॉलिश पेपरने घासल्यासारखा रंग जातो. मैत्रिणीच्या गाडीवर ते गोल चट्टे मी पाहिलेत. नको.

व्हॅक्यूमच्या मोठ्या कपांवर बसणारे रॅक आहेत, सीसकर वगैरे, ते मी जवळजवळ घेतलेच होते. प्रकार हुशारीचा आहे, कपाच्या बाजूला छोटा पंप असतो, तो दाबत राहायचं, हवा निघून कप काचेला नाहीतर पत्र्याला चिकटतो, आणि पंपाच्या दांड्यावर केशरी रेघ दिसायला लागली की समजायचं व्हॅक्यूम कमी झालाय, परत दाबा. पट्टीचे सायकलवाले स्पोर्ट्स कारवर हेच लावून फिरतात आणि त्यांचं काही बिघडत नाही. पण मी स्वतःला ओळखते. मी शंभर किलोमीटर फक्त आरशात त्या केशरी रेघेकडे बघत गेले असते. शिवाय पत्रा आणि कप दोन्ही एकदम स्वच्छ हवेत, कपाखाली एक बारीकसा खडा राहिला तरी हवा शिरते, आणि पहाटे साडेचारला अंधारात मी किती स्वच्छ पुसणार आहे हे मला माहीत आहे.

राहिला हिच. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हिच म्हणजे गाडीच्या सांगाड्याला खालून पक्का बोल्टलेला लोखंडी आडवा दांडा, आणि त्याच्या मधोमध मागे तोंड करून एक चौकोनी नळी, तिला रिसीव्हर म्हणतात. रॅकचा चौकोनी दांडा त्या नळीत सरकवायचा, आडवी पिन घालायची, झालं. अमेरिकेत ही चौकोनी नळी चालते, युरोपात त्याऐवजी ५० मिलिमीटरचा लोखंडी गोळा असतो आणि रॅक त्या गोळ्याला मिठी मारून बसतो. नळीची दोन मापं नेहमीची, सव्वा इंच आणि दोन इंच. छोट्या गाड्यांना सव्वा इंची, आणि त्यातही हलकी ती क्लास वन म्हणतात ती, तिच्यावर उभा भार २०० पौंड म्हणजे साधारण ९० किलो चालतो असं लिहिलेलं असतं. आमचा हिच सव्वा इंचीच. त्याने ट्रेलर ओढायचा नाही, ओढण्यासाठी ही गाडी नाहीच, हिच फक्त रॅकपुरता.

९० किलो वाचून मी खूश. रॅक १८ किलोचा, माझी कार्बनची रोड बाइक ८, नवऱ्याची माउंटन बाइक १३, एकूण ३९. निम्म्याहून कमी! दादाला फोन करून सांगितलं तर तो म्हणाला, "किलो सगळेच मोजतात गं. सेंटीमीटर मोजलेस का?"

ह्याचा अर्थ मला कागदावर काढून दाखवल्यावर कळला, आणि माझ्या मते ह्या सगळ्या प्रकरणात हीच एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. तो ९० किलोचा आकडा नळीच्या तोंडापाशी उभ्या असलेल्या भाराचा आहे. रॅकवरच्या सायकली तोंडापाशी नसतात, त्या मागे लांब असतात, सगळ्या भाराचा मध्य नळीपासून अर्धा मीटर मागे धरा. ३९ किलोचा भार म्हणजे साधारण ३८० न्यूटन, गुणिले अर्धा मीटर, म्हणजे जवळजवळ १९० न्यूटन मीटरचा पीळ त्या नळीवर सतत, गाडी नुसती उभी असतानासुद्धा. अंदाज यावा म्हणून सांगते, चाकाचे नट आपण सव्वाशेच्या आसपास आवळतो. म्हणजे कोणीतरी भला मोठा पाना घेऊन ती नळी खाली वाकवायला सतत लटकून बसलंय असं समजा. मग खड्ड्यात गाडी आदळते तेव्हा तोच माणूस त्या पान्यावर उड्या मारतो. म्हणूनच सव्वा इंचीला दोन इंची करणारा तो जोडतुकडा मिळतो ना, तो बरेच जण बिनधास्त लावतात, त्याने भार अजून मागे जातो, आणि बनवणारे अशा वाढीव तुकड्यांवर क्षमता निम्मी धरा असं सांगतात. तेव्हा रॅक घेतानाच सव्वा इंची दांड्याचा घ्या.

आता बसवण्याची गोष्ट. किटच्या पत्रकात लिहिलं होतं, दोन तास. आम्हाला लागले साडेसात, त्यात एकदा सगळं उलटं काढणं धरून.

पहिलं काम मागचा बंपर काढणं. बंपर म्हणजे बाहेरून दिसतं ते प्लास्टिकचं कातडं फक्त, खरा बंपर म्हणजे आतला धातूचा बीम. कातडं काढायच्या आधी दादाने दोन्ही बाजूंना मडगार्डच्या कडेवर निळी मास्किंग टेप तीन-तीन थर लावली. मला वाटलं उगाच नाटकं. पण कातडं जेव्हा कोपऱ्यातून सुटतं तेव्हा ते ज्या जोरात 'फट्' करून बाहेर येतं आणि कडेला घासतं, ते पाहिल्यावर मी अजून एक थर लावला. त्याआधी चाकाच्या खोबणीत स्क्रू, खालून दहा नंबरचे बोल्ट, आणि त्या प्लास्टिकच्या क्लिपा. ह्या क्लिपांचं तंत्र असं की मधली टिकली आधी वर उचलायची आणि मग पूर्ण क्लिप ओढायची. टिकली न उचलता ओढली की तुटते. मी पहिल्या तीन तोडल्या, मग शिकले. टिकलीखाली धूळ-माती बसून ती अशी घट्ट झालेली असते की नखाने उचलतच नाही, चपटा स्क्रू ड्रायव्हर घालून हळूच पीळ द्यायचा.

कातडं सुटलं की लगेच ओढू नका! आतून वायरी आहेत, नंबर प्लेटच्या दिव्याची आणि पार्किंग सेन्सरची. एकाने धरायचं आणि दुसऱ्याने आत हात घालून सॉकेटचं कुलूप दाबून ते सोडवायचं. हे एकट्याचं काम नाही. आम्ही ते काढून जुन्या गादीवर पालथं ठेवलं आणि समोर जी गाडी उरली ती बघून मला कसंतरीच झालं, एवढी देखणी गाडी आणि आतून नुसता एक दांडा आणि खाली आडवा झोपलेला सायलेन्सर.

तो सायलेन्सर मध्ये येतोच. पूर्ण काढायची गरज नाही, रबरी कड्यांवर लटकलेला असतो, ती रबरं सोडवली की खाली येतो, पण खालून विटांवर किंवा जॅकवर टेकू द्यायचा, नाहीतर सगळं वजन पुढच्या जोडावर येतं. रबरं सुटत नव्हती. दादाने साबणाचं पाणी मारलं आणि मोठ्या पकडीने ढकललं, लोण्यासारखी निघाली. तेल मारू नका म्हणाला, तेलाने रबर फुगतं. गाडी अर्थातच जॅक स्टँडवर होती, नुसत्या जॅकवर ठेवून खाली सरपटणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.

आणि मग आला तो बोल्टांचा भाग. हिचचे दोन हात सांगाड्याच्या दोन पोकळ रेलना खालून बसतात, प्रत्येक बाजूला दोन बोल्ट. बोल्ट आतून बाहेर यायला हवा, म्हणजे डोकं रेलच्या पोकळीत आणि आटे बाहेर. आणि रेलमध्ये हात जात नाही. मग कसं, तर किटमध्ये स्प्रिंगसारखी गुंडाळलेली तार येते. ती तार बोल्टच्या भोकातून आत घालायची, रेलच्या टोकाकडच्या मोठ्या भोकातून बाहेर काढायची, तिथे तारेत आधी चौकोनी लोखंडी पट्टी ओवायची, मग तारेच्या वेटोळ्यात बोल्टचे आटे फिरवून अडकवायचे, आणि दुसऱ्या टोकाने हळूहळू ओढत आणायचं, आतल्या आत पट्टी आणि बोल्ट खरवडत येतात आणि शेवटी भोकातून बोल्टचं नाक बाहेर डोकावतं. पहिला बोल्ट असा आला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. सुईत दोरा ओवण्यासारखंच, फक्त सुई लोखंडाची आणि आपण उताणे झोपलेलो.

तिसऱ्याला मी जरा जोरात ओढलं. तार सुटून हातात आली आणि आतून आवाज आला, टण्ण, आणि मग घरंगळल्याचा. दादा काही बोलला नाही, नुसता डोळे मिटून पडून राहिला. बोल्ट भोकाजवळच होता, तो चिमट्याने निघाला. पट्टी मात्र आत लांब गेली. मी लगेच काठीला लावलेलं लोहचुंबक आणलं, मोठ्या उत्साहात आत घातलं, आणि ते रेललाच चिकटलं. साहजिक आहे, रेलही लोखंडाचीच. पाऊण तास मी त्या चुंबकाला रेलच्या भिंतीपासून सोडवत बसले होते, पट्टीपर्यंत ते पोचलंच नाही. शेवटी दादाने पाकिटात बघितलं तर एक पट्टी जादाची होती. किट बनवणाऱ्यालाही अनुभव असणार.

बोल्ट एम-१२ चे, म्हणजे १२ मिलिमीटर जाडीचे, पत्रकात लिहिलेलं ८० न्यूटन मीटरला आवळा. आधी चारही हाताने लावून घ्यायचे, हिच मधोमध आहे का ते दोन्हीकडून टेपने मोजायचं, आणि मगच टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना. आम्ही मोजलं तर डावीकडे सहा मिलिमीटर सरकलेला होता, सैल करून सरकवला. त्याआधी भोकांभोवतीचा रंग जिथे खरवडला होता तिथे गंजरोधक प्राइमर लावून वाळवला, ह्यात अर्धा तास गेला पण तिथे नंतर हात कधीच पोचणार नाही म्हटल्यावर लावलेला बरा. एक गोष्ट मी किट निवडतानाच बघितली होती, काही किटमध्ये गाडीचा मूळ बीम काढून टाकायचा असतो आणि त्याजागी त्यांचा दांडा बसतो. मागून कोणी ठोकलं तर आधी चेपायचं काम त्या बीमचं आहे. माझा बीम जागेवर आहे, हिच त्याच्या खालून जातो. मला तेवढं बरं वाटतं.

नळी बाहेर यायला कातड्याच्या खालच्या काळ्या प्लास्टिकला एक खाच पाडावी लागली. पुठ्ठ्याचा साचा करून, दोनदा लावून बघून, मग हॅक्सॉ ब्लेडने दादाने कापलं, मी बघितलं नाही. खालून आहे, उभं राहून दिसत नाही.

सगळं परत लावलं, हात धुतले, फोटो काढले. संध्याकाळी दिवे लावले तर नंबर प्लेटचा दिवा बंद. सॉकेट जोडायचं राहिलं होतं. कोणाचं ते काम होतं ह्यावर आमच्यात अजून एकमत नाही. दुसऱ्यांदा बंपर काढायला वीस मिनिटं लागली आणि एकही क्लिप तुटली नाही.

ह्या कामात आमची गाडी त्यातल्या त्यात सोपी, कारण तिचे दोन्ही एक्झॉस्ट पाइप उजवीकडे आहेत आणि मध्य मोकळा आहे. पोर्श बॉक्सस्टरचा पाइप मधोमध येतो, कॉर्व्हेटच्या सी-५ पासून सी-७ पर्यंतच्या पिढ्यांचे चारही पाइप मधोमध. तिथे नळी काढायची कुठून आणि काढली तरी तिच्यावरच्या सायकलीचं काय, हा वेगळाच प्रश्न. आणि पोर्श ९११ सारख्या गाडीत इंजिनच मागे, म्हणजे झाकणाच्या जाळीतून वर गरम हवा.

पाइप उजवीकडे असला तरी माझी भीती गेली नव्हती, कारण सायकली आडव्या असतात आणि एकेका सायकलीचं एक चाक बरोबर पाइपच्या वरच्या बाजूला येतं. कार्बनची रिम असेल तर हा नुसता टायर भाजण्याचा विषय नाही, कार्बन ज्या रेझिनमध्ये बसवलेलं असतं ते उष्णतेने मऊ पडतं. म्हणून आधी सायकली न लावता एक प्रयोग केला. जुन्या ट्यूबच्या दोन पट्ट्या कापल्या, एक गाडीजवळच्या ट्रेला आणि एक बाहेरच्या ट्रेला, चाक जिथे येईल तिथेच लटकवली, आणि चाळीस मिनिटं गाडी चालवली, शेवटी दहा मिनिटं उभी करून इंजिन चालू ठेवलं. उभं असताना जास्त तापतं, कारण वारा नसतो आणि धूर तिथेच घुटमळतो. आतली पट्टी हाताला चांगलीच गरम लागली आणि काजळीने काळी झाली, वितळली वगैरे नाही. बाहेरची जेमतेम कोमट. तेव्हा निर्णय सोपा झाला, नवऱ्याची ॲल्युमिनियम रिमची माउंटन बाइक आत, माझी कार्बनवाली बाहेर. जड सायकल गाडीजवळ हवी हे तसंही त्या पिळाच्या हिशोबात बसतंच. आणि रांगेत बराच वेळ थांबावं लागलं तर मी इंजिन बंद करते.

रॅक ट्रेवाला घेतला, लटकता नाही. लटकत्या रॅकमध्ये सायकल वरच्या नळीने टांगायची असते, कार्बनच्या फ्रेमला तिथे दाब द्यायला माझा जीव होत नाही, आणि दोन सायकली एकमेकींना ढुशा देतात त्या वेगळ्या. ट्रेवाल्यात चाकं खोबणीत बसतात, पुढच्या चाकावर एक हुकाचा हात येऊन टायरला दाबतो, मागच्या चाकाला पट्टा, फ्रेमला कोणी हातही लावत नाही. हुक मात्र फोर्कला अगदी चिकटवून दाबायचा. मी पहिल्यांदा चाकाच्या पुढच्या बाजूला दाबला होता, सायकल झोपाळ्यासारखी मागेपुढे.

पहिल्या दिवशी घराबाहेर पडले आणि पहिल्याच स्पीडब्रेकरला मागून खडाक. सव्वा इंचीची नळी आणि आतला दांडा ह्यात किंचित फट असते, असावीच लागते नाहीतर दांडा शिरणारच नाही, पण नळीपाशी अर्धा मिलिमीटर हललं की सायकलीच्या हँडलपाशी बोटभर हलतं. पुन्हा सेंटीमीटरच. नुसती पिन दांड्याला निसटू देत नाही एवढंच, हलणं थांबवत नाही. त्यासाठी आट्यांची पिन मिळते, जी दांड्याला नळीच्या एका भिंतीवर ओढून धरते, किंवा काही रॅकमध्ये दांड्याच्या टोकाला पाचर असते आणि रॅकच्या मागच्या टोकाची मूठ फिरवली की ती फुगते. माझ्यात पाचर होती, मी ती पुरेशी फिरवलीच नव्हती. बरोबर आवळायची युक्ती अशी की एका हाताने रॅक वर उचलून हलवत राहायचं आणि दुसऱ्याने आवळायचं. मग बाहेरची सायकल धरून गदागदा हलवायची, सायकल हलली तर गाडीही तिच्याबरोबर डुलली पाहिजे. गाडी स्थिर आणि सायकल एकटीच हलत असेल तर अजून आवळा. निघाल्यावर पहिल्या पन्नासेक किलोमीटरला थांबून एकदा परत बघते, बहुतेक वेळा अर्धा फेरा जातोच.

गाडीच्या वागण्यात फरक पडतो का? पडतो. ह्याही गणिताची मजा आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २३१ सेंटीमीटर, आणि सायकलींचा भार मागच्या ॲक्सलच्याही मागे साधारण सव्वा मीटर. सी-सॉ झाला ना. ३९ किलो मागे लटकवले तर पुढची चाकं २१ किलोने हलकी होतात आणि मागच्यांवर ३९ नाही, ६० किलो वाढतात. मोठ्या गाडीत हे कळलंही नसतं. ह्या गाडीचं पूर्ण वजनच हजार-अकराशे किलो, आणि स्टिअरिंग इतकं बोलकं की मला पहिल्याच वळणावर जाणवलं, नाक किंचित उशिरा आत येतं. घाबरण्यासारखं नाही, पण वळणावर नेहमीची मस्ती करायची नाही, ओल्या रस्त्यावर तर अजिबात नाही. हेडलाइटही थोडे वर जातात, ते आतल्या चकतीने खाली केले.

बाकी गोष्टी पटकन. सायकलींमुळे मागचे दिवे अर्धे झाकतात आणि नंबर प्लेट जवळजवळ पूर्ण, आणि बहुतेक देशांत ह्या दोन्हीला दंड आहे, तेव्हा रॅकवर लावायची दिव्यांची पट्टी, जिच्यावर नंबर प्लेटही बसते, ती घ्याच. रिकामा रॅक घडी करून उभा ठेवला तरी तो प्लेट झाकतो, आणि मागे रिकामा रॅक घेऊन फिरणाऱ्यांच्या नडग्यांना तो किती वेळा लागला असेल ते मी आता मोजते. माझी रोड बाइक टोकापासून टोकापर्यंत साधारण १ मीटर ७० आणि गाडीची रुंदी १७३५ मिलिमीटर, म्हणजे बरोब्बर गाडीच्या सावलीत. नवऱ्याची २९ इंची मात्र दोन्हीकडून थोडी बाहेर डोकावते, अरुंद जागी गाडी घालताना आरसा गेला म्हणजे सगळं गेलं हा हिशोब चालत नाही. मागे घेताना कॅमेऱ्यात फक्त स्पोक दिसतात, सेन्सर आधीच बंद करून ठेवा नाहीतर वेड लागेल. आणि गाडी मागे ऐंशी-नव्वद सेंटीमीटर वाढलेली असते, तेव्हा तळघरातल्या पार्किंगच्या रॅम्पवर चढताना रॅकचं टोक खाली घासतं. मी तिथे नवऱ्याला उतरवते, तो मागे उभा राहून 'चल, चल, चल' करतो.

टप मात्र उघडता येतं. हे मी आधी धरलंच नव्हतं! दोघं आत, दोन सायकली मागे, वर आकाश.

आणि शेवटी त्या आवाजाबद्दल. महिन्याभराने डाव्या वळणावर मागून टिंग असा आवाज यायला लागला. मी पाचर आवळली, पिन बदलली, पट्टे, हुक, दिव्यांची पट्टी, सगळं तपासलं, बाटलीचे पिंजरेसुद्धा काढून ठेवले. मग एकदा रॅकच काढून घरी ठेवला आणि रिकामी गाडी त्याच वळणावर नेली. टिंग. दादाला शेजारी बसवून पुन्हा नेली, तो कान लावून ऐकत होता, दुसऱ्या फेरीला हसायलाच लागला. "तुझी पट्टी आहे ती."

त्याने रेलच्या त्या भोकातून आत मेण मारलं, गंज लागू नये म्हणून पोकळ्यांमध्ये मारतात ते. थंडीत पट्टी चिकटून गप्प बसते. उन्हाळा लागला की मेण मऊ होतं आणि ती पुन्हा सुटते, आणि डावीकडे वळलं की टिंग.